डब्यांची राखण

सारजाबाईंचं डोकं फिरलं ते दौलताबाद किल्ल्याच्या पहिल्या दरवाजातच. आणि फिरणारच की हो! मे महिन्याचं ऊन, शिक्षकांची उन्हाळी इतिहास कार्यशाळा, सुट्टीवर पाणी सोडून आलेली मास्तर मंडळी. बसमधून उतरल्या उतरल्या त्यांचे मुख्याध्यापक काकासाहेब सर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पिशव्या इथंच ठेवा रे. आमच्या बाई बसतील राखायला. त्यांना सवय हाय."

सवय! ती कुणी लावली, ते नाही सांगितलं.

करमाडजवळच्या शाळेत बाई इतिहास शिकवतात, त्याला पंचवीसेक वर्षं झाली. दर हिवाळ्यात शाळेची सहल याच किल्ल्यावर येते. इथली माकडं लई माजलेली, डबा दिसला की झडप घालतात. म्हणून कुणीतरी खाली थांबायचं, डबे राखायचे, बसमध्ये ओकलेल्या पोरांना लिंबू चोखायला द्यायचं. हे कुणीतरी म्हणजे दरवेळी सारजाबाई. काकासाहेब सर शिट्टी वाजवत पोरांना घेऊन वर जाणार आणि बाई झाडाखाली पिशव्यांच्या ढिगाशी काठी घेऊन बसणार. लहानपणी शेंद्र्याच्या मळ्यात कुत्र्यांपासून भाकरी राखायला हीच, भावांच्या लग्नात चपला राखायला हीच. अर्धा जन्म राखणीत गेला बाईचा!

आणि गंमत बघा, किल्ल्यातल्या अंधारीचा धडा त्यांच्यासारखा कुणाला जमत नसे. अंधारी म्हणजे डोंगर पोखरून काढलेली काळोखी, वळणावळणाची वाट. शत्रू आत शिरला की चाचपडत राहायचा. बाई वर्गाच्या खिडक्यांना सतरंज्या लावायच्या, बाकं वाकडीतिकडी मांडायच्या आणि पोरांना एकेक करून त्यातून चालवायच्या. पोरं किंचाळायची, हसायची, पण धडा जन्मात विसरायची नाहीत. बाईंना हे कुठून सुचलं? तर सहलीत वरून खाली आलेल्या पोरांकडून. "बाई, वटवाघळांचा लई वास येतो." "बाई, पायऱ्या सारख्या नायत, एक उंच, एक बुटकी." पोरं सगळं सांगायची आणि शेवटी विचारायची, "बाई, तुमी कधी येणार वर?"

आता पुढल्या वर्षी बाई रिटायर होणार. गुडघे कुरकुरायला लागलेत. कार्यशाळेचं नाव निघाल्यावर बाकीच्यांनी तोंडं वाकडी केली, बाईंनी मात्र नवे बूट घेतले. एकदा त्या अंधारीतून आपल्या पायांनी चालायचं, एवढंच मनात होतं. आणि हा बाबा म्हणतो, सवय हाय!

"मी वर येणार, सर," बाई म्हणाल्या.

"अहो, उन्हाचं कशाला? गुडघ्यांचं बघा. आल्यावर फोटो दाखवतो की."

"फोटो घाला चुलीत!" बाईंचा आवाज असा चढला की तिकीट काढणारे लोकही वळून बघायला लागले. "आपापली पिशवी आपापल्या खांद्यावर घ्या. हात मोडलेत का कुणाचे?"

बाकीचे आपापल्या पिशव्यांकडे बघायला लागले. औरंगपुऱ्यातल्या उर्दू शाळेच्या अजरा मॅडम तेवढ्या खुदकन हसल्या. "चलो बाई, अपन दोनो मिलके चढते," म्हणत त्यांनी बाईंचा हात धरला. कार्यशाळा घेणारा सुदर्शन नावाचा तरुण मार्गदर्शकही म्हणाला, "बाई बरोबर बोलतात." झालं, मास्तर मंडळी कुरकुरत पिशव्या उचलून चालू लागली.

मिनार मागं पडला, खंदकावरचा पूल आला. बाईंचे गुडघे बोंबलत होते, पण राग पायांना ढकलत होता. अंधारीच्या तोंडाशी सगळे थांबले. सुदर्शन म्हणाला, "आत पिशव्यांची अडचण होईल. कुणीतरी बाहेर थांबायला लागेल."

बाईंच्या कपाळाची शीर उडाली. पण त्यांनी तोंड उघडायच्या आत काकासाहेब सर घाईघाईनं म्हणाले, "मी थांबतो. तुम्ही व्हा पुढं."

"तुम्ही?" बाई बघतच राहिल्या. "दरवर्षी पोरांना घेऊन आत तुम्हीच जाता ना?"

सर घाम पुसायला लागले. बाकीचे पिशव्या तिथंच टाकून जरा पुढं सरकल्यावर हळूच म्हणाले, "मी नाय जात, बाई. आत माझा जीव गुदमरतो. पोरांना गाइडबरोबर पाठवतो आणि इथं सावलीत बसतो."

"इथं बसता? म्हणजे इतकी वर्षं वर तुम्ही बसलेले आणि खाली मी बसलेली?" बाई एक पाऊल पुढं आल्या. "पोरं आत एकटी! मला एकदा म्हणाला असता, बाई, तुम्ही जा पोरांबरोबर, मी राखतो डबे. काय झडलं असतं तुमचं?"

"बाप्या माणसानं भितो म्हणून कसं सांगायचं, बाई?"

दुसऱ्या कुणाचं हे ऐकून बाईंना कदाचित कीव आली असती. आज नाही आली. यांची अब्रू झाकायला आपण उन्हात काठी घेऊन बसलो, एवढंच त्यांना दिसत होतं. डोळ्यांत पाणी आलं, तेही रागानंच.

त्यांनी खांद्यावरची पिशवी काढली आणि सरांच्या हातांत आदळली. "धरा. आणि माकडं समोरून येत नाहीत, मागून येतात. मागं बघत राहा."

आत शिरल्यावर अजरा मॅडमनी मोबाइलची बॅटरी लावली. "बंद करा ती," बाई म्हणाल्या. मिट्ट काळोख झाला. वटवाघळांचा वास नाकात गेला. बाईंनी भिंतीला हात लावून पाय टाकला, पायरी उंच होती. पुढली बुटकी. पोरांनी अगदी खरं सांगितलं होतं.

मागून, बाहेरून सरांचा घाबरा आवाज आला, "हट! हट! अहो बाई, डबा नेला!"

बाईंनी पुढली पायरी चाचपली आणि वर चढल्या.