काटेकोर साहेबांची अचानक तपासणी

वजनमापे खात्यातल्या त्या निरीक्षकांना सगळा बाजार ‘काटेकोर साहेब’ म्हणे, आणि हे नाव त्यांनी घाम गाळून कमावलं होतं. सव्वीस वर्षांच्या नोकरीत एकाही दुकानदाराला त्यांची चाहूल आधी लागली नाही. खात्याकडून तपासणीचं पत्रक निघे, त्यावर तारीख असे, पण त्या तारखेला साहेब फिरकायचे नाहीत. “ठरलेल्या दिवशी कुणाचाही काटा खरं बोलतो,” असं त्यांचं म्हणणं. पत्रकात मंगळवार असला की सोमवारी, दुकानाचं शटर अर्धंच वर गेलेलं असताना, साहेब दारात हजर. मग लाकडी पेटी उघडायची, सुती मोजे घालून प्रमाण वजनं उचलायची, कारण बोटांचं तेलसुद्धा वजनाला चिकटतं, आणि पारड्याखालून हात फिरवायचा. कुठे चुंबक सापडे, कुठे मेणाचा गोळा.

“साहेब, उद्या काढणारच होतो,” दुकानदार गयावया करी.

“उद्या मी येणार होतो म्हणून,” साहेब म्हणत आणि काट्याला सील ठोकत.

असा हा माणूस, आणि त्याच्याच रक्तात घोळ निघाला. खात्याच्या आरोग्य तपासणीत एलडीएल, म्हणजे ते वाईट कोलेस्टेरॉल, एकशे ब्याण्णव आलं. दुसऱ्या कुणी कागद घडी करून खिशात घातला असता. साहेबांना ती सोय नव्हती. वरच्या मजल्यावर त्यांच्या वहिनी राहत, एकट्या. दादा सहा वर्षांपूर्वी एका सकाळी दाढी करता करता गेला होता. ना आजार, ना कुरकुर. बावन्न वर्षं आणि चार महिन्यांचा होता. आठ महिन्यांनी साहेबांचंही तेच वय होणार होतं. हे गणित घरात कुणी मोठ्याने मांडत नसे, पण पाठ सगळ्यांना होतं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, “घरात असं झालेलं असताना मी तरी आजच स्टॅटिनची गोळी सुरू करीन.”

“गोळी नको. एकदा मागे लागली की जन्माची लागते. आमच्या हापिसातल्या एकाचे तर पाय दुखतात तिच्यामुळे.”

“सगळ्यांचे दुखत नाहीत. दुखलेच तर डोस बदलता येतो, गोळीही बदलता येते.”

“मला तीन महिने द्या,” साहेब म्हणाले. “काटा मी जागेवर आणतो.”

बाईंनी नाखुशीनेच मान हलवली. लोणी, चीज, तळलेलं बंद. डाळी, भाज्या, ओट भरपूर. रोज पाऊण तास झपझप चालायचं. आकडा शंभराच्या खाली आला नाही तर मात्र वाद घालायचा नाही.

साहेबांना स्फुरण चढलं. घरी येताना त्यांनी चालायचे बूट घेतले, स्वयंपाकघराच्या भिंतीवर तक्ता चिकटवला, लोण्याचा डबा स्वतःच्या हाताने शेजाऱ्यांकडे नेऊन दिला. दोन वेळा जेवणात उकडलेल्या भाज्या आणि दर तासाला त्यांचं व्याख्यान. बायको म्हणाली, “आपल्या लग्नात याच्या निम्मा जरी उत्साह असता ना, तर फोटो बरे आले असते.”

नव्याचे नऊ दिवस म्हणतात, साहेबांचे अकरा झाले. बाराव्या दिवशी ते बेकरीत काटा तपासायला गेले. काटा बिनचूक निघाला, ताज्या बिस्किटांचा ट्रे तेवढ्यात भट्टीतून बाहेर आला, आणि तपासणीला अजून अडीच महिने आहेत हे साहेबांना आठवलं. तिथून पुढे तक्त्यावर रोज खूण होत राहिली आणि साहेब रोज बेकरीच्या रस्त्याने हापिसात जात राहिले. शेवटचे तीन आठवडे उरले तसे मात्र त्यांनी कंबर कसली. बिस्किटाकडे वळून पाहिलं नाही, सकाळ-संध्याकाळ चालले, भाजीवालीला दमवून सोडलं.

रिपोर्ट आला एकशे एकसष्ट. साहेब एकेक पायरी गाळत वहिनींच्या दारात पोचले.

“एकतीसनं उतरलं, वहिनी. गोळीशिवाय. डॉक्टरबाई स्वतः म्हणाल्या, सुधारणा आहे. शंभराचं बोलल्या होत्या खऱ्या, पण मी आणखी तीन महिने मागून घेतलेत.”

वहिनींनी जन्मभर शाळेत गणित शिकवलं होतं. त्यांनी रिपोर्ट पाहिला, दिराचा फुललेला चेहरा पाहिला आणि शेवटी दाराशी काढून ठेवलेले बूट उलटे करून पाहिले. तीन महिने रोज चाललेल्या बुटांच्या मानाने तळ जेमतेम झिजले होते.

“छान,” एवढंच त्या म्हणाल्या.

पाच आठवड्यांनी सकाळी साडेसहाला दारावरची बेल वाजली. साहेब डोळे चोळत उठले. बाहेर रक्त तपासणाऱ्या लॅबमधल्या बाई बॅग घेऊन उभ्या होत्या आणि त्यांच्या मागे हाताची घडी घालून वहिनी.

“अचानक तपासणी,” वहिनी म्हणाल्या. “भाऊजी, बाही वर करा.”

“आज नको हो. म्हणजे, सोमवारपासून सगळं नीट सुरू करणारच होतो.”

बोलून गेले आणि स्वतःच्याच कानांनी ते ऐकलं. सव्वीस वर्षांत हे वाक्य त्यांनी इतक्या तोंडांतून ऐकलं होतं, की त्याला उत्तर काय द्यायचं ते त्यांना झोपेतही येत होतं. कान लालबुंद झाले. त्यांनी मुकाट्याने बाही वर केली. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तोंडाला पदर लावून हसत होती. कटात तीही सामील होती तर.

आकडा आला एकशे सत्त्याऐंशी.

वहिनी ओरडल्या नाहीत. रिपोर्ट साहेबांसमोर ठेवून खुर्चीवर बसल्या. “ह्यांचं रक्त तपासून बघावं, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही,” त्या म्हणाल्या. “सडपातळ होते, मग काय होणार, असं वाटायचं. तुम्हाला मात्र मी सोडणार नाही. चिडलात तरी चालेल.”

साहेब चिडले नाहीत. त्यांना लाज वाटली, आणि गंमत अशी की हायसंही वाटलं. त्याच दुपारी दोन्ही कागद घेऊन ते डॉक्टरबाईंकडे गेले आणि बिस्किटांसकट सगळं कबूल केलं.

बाई हसल्या. “तुमचे ते तीन आठवडे खरे होते ना? मग जीव तोडून केलंत तर तुमचं शरीर एकशे साठपर्यंत उतरतं. वर्षभर केलंत तरी फारसं खाली जाणार नाही, कारण उरलेलं तुमच्या खाण्यातून येत नाही, ते घराण्याकडून आलंय. त्याला गोळी लागते. आणि गोळी घेतली म्हणून बिस्किटं मोकळी झाली असंही नाही.”

म्हणजे हा वाद गोळी की शिस्त असा नव्हताच. इतकं सरळ गणित आपण चार महिने वाकडं मांडत होतो, याचं साहेबांना नवल वाटलं.

गोळी सुरू झाली. दहाव्या दिवशी पोटऱ्या ठणकायला लागल्या. साहेब विजयी मुद्रेने डॉक्टरबाईंकडे धावले, “बघा, मी म्हणत नव्हतो?” बाईंनी रक्त तपासलं, काही निघालं नाही. रोज चालता कुठे, असं विचारलं. बायको आणि वहिनी दोघी मिळून साहेबांना पाण्याच्या टाकीच्या चढावरून दोन फेऱ्या मारायला लावत होत्या. चार दिवस सपाटीवर चालले आणि दुखणं पळालं, गोळी तशीच चालू राहिली. बेकरीवाला तेवढा रोजचं गिऱ्हाईक गेलं म्हणून हळहळला.

दोन महिन्यांनी आकडा आला शहाऐंशी. साहेबांनी कागद तीनदा वाचला. लॅबला फोन करून नाव-वय जुळतंय ना विचारलं. जुळत होतं. मग मात्र त्यांनी बायकोला हाताला धरून स्वयंपाकघरातच एक गिरकी घेतली, आणि ती “अहो, कढई आहे गॅसवर” म्हणत राहिली.

त्यानंतर महिनाभराने एक गुरुवार उजाडला. बाकीच्या जगाला तो साधा गुरुवार होता. साहेब मात्र पहाटेपासून जागे होते. छातीत धडधडत होतं, पण ती भीती नव्हती. परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन बाहेर पडल्यावर होतं तसं काहीतरी होत होतं. बायकोला काही न सांगता ते वर गेले. बेल वाजवायच्या आधीच दार उघडलं. वहिनींनी ठेवणीतली साडी नेसली होती.

“मी पण मोजले,” त्या म्हणाल्या. “बावन्न वर्षं, चार महिने, अकरा दिवस. हे तिथे थांबले. तुमचा आज बारावा.”

वहिनींनी डोळे पुसले आणि हसल्या, अगदी मोकळं.

“मी या घरात आले तेव्हा तुम्ही माझे धाकटे दीर होतात. आज थोरले झालात. या आत.”