राणीच्या नखांवरची मेंदी

शाळेत खिचडी शिजवणारी बाई म्हणजे अर्धी हेडमास्तरीण, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. आमची संस्था मुळशीतल्या प्राथमिक शाळांना मुलांच्या आरोग्याच्या कामात मदत करते. म्हणजे नळाला पाणी नसलेल्या शाळेत आम्ही हात कसे धुवावेत याची चित्रं लावतो. कासार आंबोलीच्या पलीकडे, डोंगरातल्या एका वाडीच्या शाळेत मी असंच चित्र चिकटवत होते, तेव्हा खिचडीवाल्या गोजराबाई मागून म्हणाल्या, की चित्र झालं असेल तर एक हंडा घ्या आणि चला विहिरीवर. मी मुकाट्याने गेले.

गोजराबाईंना मूलबाळ नाही. नवरा लवकर गेला, दिरांनी जमीन बंगलेवाल्यांना विकली, आणि यांच्या वाट्याला एक खोली आणि परसातलं मेंदीचं झाड आलं. शाळेतली सगळी पोरं त्यांचीच, सगळी त्यांना मावशी म्हणायची. ताटात टाकलं की पाठीत धपाटा, आणि कुणी दोन दिवस दिसलं नाही की त्याच्या दारात जाऊन उभ्या.

सगळ्यात लाडकी राणी. पहिलीतली, कातकरी वस्तीवरच्या गंगूची मुलगी. वीटभट्टीवर जन्मलेली, त्यामुळे दवाखान्याचं तोंड न पाहिलेली. पोर लुकडी. खेळता खेळता मध्येच उकिडवी बसायची आणि धाप ओसरली की पुन्हा पळायची. नखं निळसर. पोरं चिडवायची, ही शाई पिते म्हणून. राणी हात फ्रॉकखाली लपवायला लागली, तेव्हा गोजराबाईंनी मेंदीचा पाला वाटून तिच्या बोटांची टोकं नखांसकट रंगवून दिली. मग ती येणाऱ्याजाणाऱ्याला हात दाखवत हिंडायची. रंग उतरला की मावशींच्या पुढ्यात बसायची, आणि मावशी पुन्हा पाला वाटायच्या.

पुढे वर्षाची आरोग्य तपासणी आली. मुलं स्वच्छ, नीटनेटकी पाठवा, असं आम्हीच शाळेला कळवलं होतं. गोजराबाईंच्या लेखी पाहुणे येणार म्हणजे सणच. आदल्या दिवशी त्यांनी सगळ्या पोरींना तेल लावून वेण्या घातल्या, आणि राणीच्या बोटांना गडद मेंदी.

पोरं ढीगभर, डॉक्टर एक, आणि दुपारी त्यांना दुसरी शाळा गाठायची होती. म्हणून नर्स आधी पापण्या आणि नखं बघायची. फिकट किंवा निळसर दिसलं, की त्या मुलाला बाजूला बसवायची, आणि डॉक्टर त्याला निजवून नीट तपासायचे. राणीचे हात बघून नर्स म्हणाली, नवरी आली वाटतं. सगळे हसले, राणी सगळ्यात जास्त. तिला बाजूला न बसवता पुढे पाठवून दिलं.

थंडीत एका सकाळी झऱ्यावरून चढ चढताना राणी बसली, ती उठलीच नाही. गंगू तिला खांद्यावर घेऊन शाळेपर्यंत धावत आली. आमची गाडी होती, पण दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. गंगू बाहेर लेकीला मांडीवर घेऊन बसली. डॉक्टरांनी आत आम्हाला विचारलं, पोर खेळताना उकिडवी बसायची का? गोजराबाई हो म्हणाल्या. मग डॉक्टर चिडलेच. जन्मापासूनचा हृदयाचा दोष दिसतो, ऑपरेशन फुकट होतं, अशी पोरं वाचतात. शाळेच्या तपासणीत कसं सुटलं? हे तर नखांवरूनसुद्धा लक्षात येतं.

 गोजराबाईंना पाणी दिलं, ते त्यांच्या हातातच राहिलं.

घरी जाऊन त्यांनी मेंदीचं झाड बुंध्यापासून तोडलं. गंगूला सांगायचं, एवढंच त्या बोलत होत्या. मी म्हटलं, नका सांगू, त्याने पोर परत येणार आहे का. माझ्यावर डाफरल्या, "पोर तिची व्हती. कशानं गेली ते तिला ठाऊक नको?"

दहावं उरकल्यावर मी त्यांच्याबरोबर वस्तीवर गेले. गंगू दारात मोळी बांधत होती. गोजराबाईंनी काही राखून ठेवलं नाही. नखांचं, मेंदीचं, नर्स हसली त्याचं, सगळं सांगितलं. गंगू ऐकत होती, गाठ आवळत होती. मग हात थांबले.

"तुमी सांगायला नको व्हतं, मावशी," ती म्हणाली. "आत्तापतूर मी देवाला शिव्या घालत व्हते. आता तुमाला कशा घालू? माझ्या पोरीला तुमच्याबिगर कुनी मांडीवर घेतलं न्हाई."

तिने मोळी डोक्यावर घेतली आणि ती निघून गेली.

गोजराबाई तिथेच दारात खाली बसल्या.  मी हात दिला, तो त्यांनी धरला नाही.

"मारायला पायजे व्हतं तिनं मला," त्या म्हणाल्या. "मी मार खायाला आल्ते."