आईच्या सहीची जागा

ऑफिसबाहेर बालवर्गाच्या बुटक्या बाकावर काका गुडघे छातीशी घेऊन बसलेत. नातीचा प्रवेश हवाय. “नन्सच्या शाळेत पोरी शेफारतात,” म्हणत माझ्या ताईचं नाव ह्याच शाळेतून, नववीत असताना, त्यांनीच काढलं होतं. दुसऱ्या दिवशीही ताईनं गणवेशाला इस्त्री केली होती. आता अशा शाळांच्या दारात असे सगळेच काका रांगेत दिसतात.

मी इथली मुख्याध्यापिका. त्यांना मुद्दाम तासभर बसवलं. फॉर्मवर आईच्या जागी त्यांनीच सही ठोकलेली.

“सुनेला पाठवा.”

“अगं, घरात मोठा मी आहे.”

“इथे मी आहे, काका.”

नातीला मात्र मी घेणारच. तिला असं शिकवीन, की एक दिवस भरल्या घरात तीच त्यांना विचारेल, “आजोबा, आत्याला शाळेतून का काढलंत?”