एका दोऱ्याचं काम

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या सहामाहीत प्रोजेक्टसाठी मला कोरमंगलातल्या एका छोट्या कंपनीत पाठवलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. अण्णा, म्हणजे माझे वडील, चामराजपेटेत शिवणकाम करत.

कंपनी ऑपरेटिंग सिस्टीमचा एक भाग बनवत होती, डिस्कवर फाइली साठवणारा. त्याच्या दोनेकशे चाचण्या संध्याकाळी मशीनवर आपोआप सुरू होत आणि दुसऱ्या दिवशी दुपारी संपत. एक ओळ बदलली तरी दुपारपर्यंत थांबायचं.

"हा वेळ कमी करून दाखव," आमच्या टीमच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, "मग तुला इथेच ठेवून घ्यायला सांगते."

मॅडम पुण्याच्या. पहिल्याच दिवशी मी त्यांना आमच्या घरच्या कानडीमिश्रित मराठीत "स्वल्प थांबा" म्हणालो आणि त्या खळखळून हसल्या. "अरे, ही कुठली मराठी?" त्यात कुचेष्टा नव्हती. पण त्यानंतर त्यांच्याशी बोलायचं तर मी वाक्य आधी मनात जुळवायचो, आणि ते जुळेपर्यंत त्या उठून गेलेल्या असायच्या.

नोकरीची गोष्ट मी घरी सांगितली आणि अण्णांनी ती गल्लीभर केली. वेळ नेमका कशात जातो, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, प्रत्येक चाचणीच्या आधी मशीन बंद करून पुन्हा चालू करतात.

अण्णा हसले. "दर शर्टाला दोरा बदलत बसलो तर दिवाळीचे कपडे शिमग्याला होतील. पांढऱ्या दोऱ्याचं सगळं आधी शिवायचं, मग काळा ओवायचा."

मी तेच केलं. सारख्या चाचण्यांचे गट पाडले आणि प्रत्येक गटाला एकदाच मशीन चालू केलं. मधली बंद-चालू जिथे दिसली तिथे काढून टाकली. सगळ्या चाचण्या तीन तासांत संपल्या, सगळ्या पास. मॅडमनी सगळ्यांना बोलावून दाखवलं.

त्याच आठवड्यात एका चाचणीकडे माझं लक्ष गेलं. पूर्वी तिला चार मिनिटं लागत. आता ती दोन सेकंदांत संपत होती. मला बरं वाटेना. मी मॅडमच्या टेबलाजवळ गेलो. त्या डबा खात होत्या.

"काय रे?"

"काही नाही, मॅडम."

महिन्याभरात एका ग्राहकाकडे वीज गेली. मशीन पुन्हा चालू केलं तर त्या दिवसाच्या फाइली रिकाम्या. मॅडमनी दोन दिवस शोधलं आणि माझ्या त्या चाचणीशी येऊन थांबल्या. फाइल लिहायची, मशीन बंद करून चालू करायचं, फाइल टिकली का ते बघायचं, अशी ती चाचणी. त्यातली बंद-चालू हीच खरी परीक्षा होती, आणि मी ती दोरा बदलण्यात मोजली होती. नंतरच्या कुठल्याशा बदलापासून फाइल डिस्कवर पोचतच नव्हती. चालू मशीनच्या मेमरीतून ती वाचली जायची आणि चाचणी पास व्हायची.

"हा बदल तुझा?"

"हो, मॅडम."

"शंका नाही आली कधी?"

"आली होती."

"मग विचारलं का नाहीस? मी काय खाणार होते का तुला?"

त्यांनी माझ्यासमोरच सगळं पहिल्यासारखं केलं. चाचण्या पुन्हा दुसऱ्या दिवसाच्या दुपारी संपू लागल्या. प्रोजेक्ट पूर्ण झाल्याचं पत्र मिळालं. नोकरीचा विषय कोणी काढला नाही, मीही नाही.

शेवटच्या दिवशी दुकानात गेलो. अण्णा एका गिऱ्हाइकाचं माप घेत होते. "हाच तो," मला पाहून ते त्याला म्हणाले. "कम्प्युटरवाल्यांना शिंप्याची अक्कल शिकवून आला." मग माझ्याकडे वळले. "दोऱ्याची युक्ती चालली ना रे? पुढच्या महिन्यापासून पक्का?"

गिऱ्हाईकही कौतुकानं बघत होतं. मी वाक्य जुळवायला लागलो.

"सरी, सरी, असू दे," अण्णा म्हणाले, "लाजतोय." आणि टेप पुन्हा गिऱ्हाइकाच्या खांद्याला लावली.