'कोनी सांगं?' विचारणारे भिकन आबा

आधी नाव लिहिते, मग बाकीचं. भिकन आबा. सांगणाऱ्याचं नाव आधी टाकायचं आणि आपलं म्हणणं नंतर, हे मला त्यांनीच शिकवलं. त्यांच्यावर लिहायला बसले आणि तेच विसरले, तर ते दोंडाईच्याहून ओरडतील आणि मला इथे दीपनगरला ऐकू येईल. त्यांचा आवाजच तसा आहे. आयुष्य रेल्वेच्या पार्सल खिडकीत गेलेलं. गाडी उभी असताना तिच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय, ती निवृत्तीनंतरही सुटली नाही.

जळगावच्या एका वाचनालयाच्या ओट्यावर ते दर रविवारी बसत. त्या वर्षांत, म्हणजे नव्वद सालाच्या थोडं अलीकडे-पलीकडे, काही मंडळींनी जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांचा मिळून एक कोश करायला घेतला होता. पिकं, भांडी, सण, जत्रा, खाणं, सगळं त्यात यायचं. त्याची गंमत अशी की तो पंडितांनी लिहायचा नव्हता. कुणीही एका कार्डावर एक नोंद लिहावी. दुसऱ्या कुणालाही ती चुकीची वाटली तर त्यानं त्याच कार्डावर खोडून दुरुस्त करावी आणि खाली सही करावी. कार्डं जळगावच्या वाचनालयात लाकडी खणांत राहायची, छाननी धुळ्याला व्हायची, आणि त्या जिल्ह्यातली माणसं तिथेच दुरुस्त्या करायची. आमच्या कॉलनीत त्याचं पत्रक लागलं होतं. मी ते वाचलं आणि माझी झोप उडाली.

माझी शाळा सातवीत सुटली. माहेर कोकणात, समुद्राच्या काठाला. नवरा इथल्या वीज केंद्रात फिटर, म्हणून मी इथे. पहिली दोन वर्षं मी भिंतींशी बोलत काढली. मासळी नाही, नारळ नाही, बायकांचं बोलणं अर्धं कळायचं नाही. शेजारच्या यमुनाअक्का तेवढ्या होत्या. रावेरकडच्या, केळीवाल्या घरातल्या. उन्हाळ्यात त्यांनी मला हाताला धरून बिबडे करायला बसवलं. ज्वारी भिजवायची, भरडायची, तिखट-मीठ, लसूण, तीळ घालून तिचा घाटा शिजवायचा आणि तो ओल्या फडक्यावर थापून उन्हात टाकायचा. वाळला की बिबडा. या गावात मला आलेली पहिली गोष्ट ती. ती लिहून खणात गेली, खाली माझं नाव राहिलं, की मी इथली झाले असं माझ्या मनानं घेतलं होतं. दुसऱ्या कुणाला हे हास्यास्पद वाटेल. मला तेव्हा दुसरं काही दिसत नव्हतं.

नोंद पाठवली. धुळ्याहून परत आली. वर शिक्का, 'आधार नाही'. पुन्हा लिहिली, पुन्हा परत. 'विधान मोघम'. तिसऱ्यांदा मी स्वतः जळगावला गेले. टेबलामागचा माणूस माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाई, नियमांचा कागद वाचा." कागद मी पाठ केला होता. एक शब्द कळला नव्हता. आधार म्हणजे काय आणायचा? रेशन कार्ड?

मी ओट्यावर येऊन उभी राहिले. रडत नव्हते, पण बोलले असते तर रडले असते. कोपऱ्यातून आवाज आला, "वापस उनं का? आन आठे," आणि कार्डासाठी एक हात पुढे आला.

पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, एक लिहायचं, एक खोडायचं. पहिला प्रश्न, "जेवन व्हयनं का?" तो प्रश्न ते प्रत्येकाला विचारायचे, आणि नाही म्हटलं तर कार्डाला हात लावायचे नाहीत. उपाशी माणसाला दुरुस्ती सहन होत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी खोटं सांगितलं, झालं म्हणून.

मग त्यांनी माझं कार्ड मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. मोठ्यानं म्हणजे रस्त्यावरची माणसं थांबतील एवढ्यानं. प्रत्येक शब्दावर बोट. "बिबडे हा खानदेशातील अत्यंत चविष्ट..." बोट थांबलं. "अत्यंत? किती?"

"खूप चांगला लागतो, आबा."

"तुले लागस. कार्डले नही." खोडायचं पेन चाललं. "संपूर्ण खानदेशात असे करतात. कोनी सांगं?"

"सगळे असंच करतात."

"बठ्ठा खान्देश तुले सांगाले उना व्हता का?"

मला इतका राग आला! तीन वेळा परत आलेलं कार्ड, उन्हातनं आलेली मी, आणि हा म्हातारा भर रस्त्यात माझी शोभा करतोय. मी म्हटलं, "यमुनाअक्कांनी सांगितलं. आमच्या शेजारच्या."

आबा एकदम खूश झाले. "मंग हाई लिख ना व माय! यमुनाबाई, रावेरकडन्या, त्या अशा करतस. बस. हाऊच आधार." शिक्क्यावर टिचकी मारून म्हणाले, "धुळावाला हाईच मांगी ऱ्हायनात. पन सांगता येत नही त्यास्ले. शिक्का मारता येस."

एवढंच होतं! तीन महिने मी ज्याच्यासाठी जीव टाकला ते एवढंच, आणि ते त्या नियमांच्या कागदावर कुणी एका ओळीत लिहिलेलं नव्हतं. ओट्यावर दर रविवारी माझ्यासारखे पाच-सहा जण असायचे. कुणी आपल्या आजोबांची आरती लिहून आणलेली, कुणी आपल्या गावची जत्रा जगात पहिली म्हणून. आबा प्रत्येकाला तेच विचारायचे. "कोनी सांगं? कोठे? तुनी दखं का?" कोणी सांगितलं, कुठे, तू स्वतः पाहिलंस का. आणि प्रत्येक जण चिडायचा. आबाही चिडायचे. "रोज तीच चूक, रोज नवा मानूस," असं कपाळावर हात मारून म्हणायचे, आणि पुढच्याला विचारायचे, "जेवन व्हयनं का?"

त्यांचा एक स्वतःचा नियम होता. ज्याचं नाव टाकलं त्याला कार्ड वाचून दाखवायचं. मी यमुनाअक्कांना वाचून दाखवलं. त्या लाजून पदरात तोंड लपवू लागल्या. "मह्यं नाव कायले टाकते वं? लोकं हसतीन मले." पण दुसऱ्या दिवशी त्यांनी गल्लीतल्या चार बायका आणून बसवल्या आणि मला पुन्हा वाचायला लावलं.

कार्ड जळगावला देऊन आले आणि आता संपलं असं वाटलं. कुठलं! पुढच्या खेपेला कार्डावर नव्या शाईनं 'तीळ' शब्द खोडलेला. शेजारी लिहिलं होतं, 'बिबड्यात तीळ नसतात. लेखिका बाहेरची असावी.' सही कलाबाई, शिरपूर.

बाहेरची. तो शब्द मी चार वेळा वाचला असेन. मी तिथेच पेन काढलं, तिचं खोडलं आणि 'तीळ असतात' लिहिलं. पुढच्या खेपेला माझं खोडलेलं. मी पुन्हा. तिनं पुन्हा. कार्डाचा पार कोळसा झाला. टेबलामागच्या माणसानं ते उचलून तळाच्या खणात टाकलं. तो वादाच्या नोंदींचा खण. त्यातून कार्ड वर आल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

आबांना कळलं तेव्हा ते माझ्यावर जे तापले! "तुम्ही दोन्ही बाया बिबडा खाटवर टाकतस का कार्डवर?"

"तिनं मला बाहेरची म्हटलं, आबा."

"मंग? शे ना तू बाहेरनी. कोकनमा बिबडा करतस का? मी दोंडाईचाना, मी बी जळगावमा बाहेरनाच शे." मग म्हणाले, "तिले इचारं का तू? तीळ का बरं नही?"

मी विचारलं नव्हतं. मी फक्त खोडलं होतं. तिनंही तेच केलं होतं.

"चाल," आबा म्हणाले. "शिरपूर."

मे महिना. जळगावहून धुळे, धुळ्याहून शिरपूर. एस.टी.च्या खिडकीतून येणारा वारा चुलीतून आल्यासारखा. आबांचा सगळा जन्म रेल्वेत गेलेला, त्यांना एस.टी. म्हणजे शत्रूचं वाहन. "रूळ नही, काही नही, कोठे बी जाई," असं ते वाटभर पुटपुटत होते. नवऱ्याला सांगून आले होते, पण तो म्हणाला होता, "तिळासाठी शिरपूर?" आणि त्याचं काही चुकलं असं मला वाटत नव्हतं.

कलाबाईंचं घर सापडलं तेव्हा त्या अंगणात बिबडेच टाकत होत्या. माझ्याच वयाच्या, कोपरापर्यंत हात घाट्यानं भरलेले. आबांनी मी कोण ते सांगितलं. मला वाटलं आता तोफ सुटणार. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "ये माय, बठ. पहिले घाटा खा, मंग भांडजो."

बिबडे टाकायच्या दिवशी जी बाई दारात येईल तिला गरम घाटा आणि वर कच्चं तेल द्यायचं, अशी तिथली रीत. यमुनाअक्कांकडेही तीच. मी वाटी हातात घेतली. खरंच तीळ नव्हते.

"आमना शिरपूरमा कोनीच तीळ टाकतस नही," कलाबाई ठासून म्हणाल्या.

तेवढ्यात कुडापलीकडून शेजारीण ओरडली, "आमी ते टाकतस व कला! मन्ही सासू टाके, मी बी टाकस!"

कलाबाईंचा हात थापता थापता थांबला. "कवयपासून?" त्यांनी विचारलं.

"कायम!" पलीकडून उत्तर.

आबांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. "मी काय सांगी ऱ्हायनू इतला दिन?" ते कुणालाच उद्देशून बोलत नव्हते. कलाबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. मी यमुनाअक्कांच्या घराला सगळा खानदेश म्हटलं होतं, त्यांनी आपल्या घराला सगळं शिरपूर. हसू आधी कुणाला फुटलं ते आठवत नाही.

नवं कार्ड तिथेच अंगणात लिहिलं. रावेरकडच्या यमुनाबाई तीळ घालतात, शिरपूरच्या कलाबाई घालत नाहीत, त्यांची शेजारीण घालते. घाटा शेजाऱ्यांना देण्याची रीत दोन्हीकडे आहे. ही शेवटची ओळ कलाबाईंनी सुचवली. मी इतके दिवस नुसती कृती लिहीत होते, ज्या वाटीमुळे मला इथे कुणीतरी जवळचं झालं तीच राहून गेली होती. खाली दोघींच्या सह्या. आबांनी खोडायचं पेन काढलं, कार्ड पूर्ण वाचलं आणि पेन परत खिशात ठेवलं. त्यांनी माझं काही न खोडल्याची ती एकच वेळ.

येताना धुळ्याला छाननीवाल्यांकडे गेलो, कार्ड तिथेच देऊ म्हणून. ते म्हणाले, जळगावमार्फत या. आबांनी तिथे पार्सल खिडकीचा आवाज लावला, पण काही उपयोग झाला नाही. दमून, धुळीनं माखून, चिडून आम्ही जळगावला आलो. पुढच्या महिन्यात कार्ड मंजूर होऊन खणात गेलं. 'ब'चा खण. आबांनी मला माझ्या हातानं ते आत लावायला सांगितलं.

कोशाचा पहिला खंड निघाला तो 'क'पर्यंत. नंतर मंडळींत काहीतरी बिनसलं आणि काम थांबलं. 'ब' अजून आलेला नाही. खण तिथेच आहे, कार्डही आहे, मी अधूनमधून जाऊन बघून येते. ओटा मात्र रिकामा असतो. आबांचे डोळे अधू झाले, मुलगा त्यांना दोंडाईच्याला घेऊन गेला. जळगाव स्टेशनवर मी भेटायला गेले होते. मी म्हटलं, "आबा, तुमच्यामुळे सगळं..."

"बठ्ठं?" ते लगेच म्हणाले. "कोनी सांगं?" आणि मग, गाडी हलता हलता, नेहमीचं, "जेवन व्हयनं का व माय?"

तेव्हाही मी खोटंच सांगितलं.

त्यांच्या नियमानं हे लिहिलेलं त्यांना वाचून दाखवल्याशिवाय पुरं होत नाही. आता त्यांना स्वतः वाचता येत नाही, तेव्हा मीच जायला हवं. घर, पोरं, नवऱ्याच्या पाळ्या, अजून निघणं झालेलं नाही. पण आबा, मी येणार आहे. येताना जेवून येईन, म्हणजे खरं सांगता येईल. दोंडाईच्याच्या तुमच्या ओट्यावर बसून हे मोठ्यानं वाचेन, रस्त्यावरची माणसं थांबतील एवढ्यानं. तुम्ही म्हणाल ते शब्द तुमच्याच पेनानं खोडेन. आणि 'ब'चा खंड छापून येईपर्यंत, आला तर, त्या जळगावच्या ओट्यावर रविवारी कुणीतरी बसलेलं असेल, हे तेवढं बघेन.