मोठ्या सिस्टरांची भीती

मोठ्या सिस्टरांइतकं घाबरट माणूस मी दुसरं पाहिलं नाही. लिफ्टची भीती वाटते म्हणून बत्तीस वर्षं त्या तिसऱ्या मजल्यावर जिन्याने गेल्या. पालीची भीती, कुत्र्याची भीती, फोनची घंटा वाजली तरी छातीवर हात. ऑक्सिजनच्या सिलिंडरचा काटा त्या पाळीच्या सुरुवातीला, सकाळी सातला पाहायच्या, मध्ये एकदा पाहायच्या आणि घरी निघताना पर्स खांद्याला लावल्यावर परत आत येऊन पाहायच्या. हे मी त्यांना नावं ठेवण्यासाठी लिहीत नाही. गेल्या महिन्यात त्या गेल्या. तेव्हापासून चार ओळी लिहायला बसतो, आणि दर वेळी आधी ही भीतीच आठवते.

नाशिकमधल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात मी रेकॉर्ड विभागात आहे. घरी गेलेल्या आणि न गेलेल्या पेशंटच्या फायली शेवटी माझ्याकडे तळमजल्यावर येतात. काम नसेल तेव्हा मी वाचत बसतो, म्हणून सिस्टरांनी माझं नाव मास्तर ठेवलं होतं. त्या तिसऱ्या मजल्याच्या इनचार्ज. हाताखाली वीस-पंचवीस मुली, त्यांतल्या निम्म्याहून जास्त एजन्सीमार्फत घेतलेल्या, अकरा महिन्यांच्या करारावर. सगळ्या त्यांना मोठ्या सिस्टर म्हणायच्या. माहेर देवळ्याच्या बाजूचं. एरवी शुद्ध बोलायच्या, पण फार घाबरल्या की तिकडची बोली तोंडात यायची. "माले भ्याव वाटस, मास्तर," असं त्या म्हणाल्या की समजायचं, आता गोष्ट खरीच गंभीर आहे.

वॉर्डातल्या रजिया मावशी त्यांची फार थट्टा करायच्या. "क्या सिस्टर, यमराज आला तरी त्याला आधी हात धुवायला लावाल तुम्ही." सिस्टर हसायच्या नाहीत. "लावीन. आणि रजिस्टरला नोंद करीन, किती वाजता आला ते." नव्या मुली फिदीफिदी हसल्या की त्या सांगायच्या, "हसा. पण घाबरते ती दोनदा बघते. जिला भीती वाटत नाही, तिचा पेशंट देवाच्या भरवशावर."

नोंदीच्या बाबतीत तर त्या कडक होत्या. इंजेक्शन दिलं, लिही. लघवी मोजली, लिही. पेशंट रागावला, तेही लिही. प्रत्येक नोंदीखाली सही आणि सहीपुढे वेळ. "वेळ नसलेली सही म्हणजे चित्रकला," असं म्हणून त्यांनी कितीतरी मुलींना पानं पुन्हा लिहायला लावली होती. दोन-तीन महिन्यांत मुलींच्या हाताला अशी सवय लागायची की कुरिअरवाल्याच्या पावतीवरही त्या वेळ टाकून मोकळ्या व्हायच्या. मला त्या मजल्याच्या फायली मुखपृष्ठ न पाहता ओळखू यायच्या.

एका दुपारी निफाडकडची पूजा, कामाला लागून सहाच महिने झालेली, एका पेशंटची सुई काढताना स्वतःच्या बोटाला टोचून बसली. पेशंटच्या रक्ताचा रिपोर्ट चांगला नव्हता. अशा वेळी एक औषध लगेच सुरू करावं लागतं, आणि जितका उशीर तितका धोका. सिस्टरांनी खाली ऑफिसला फोन केला. उत्तर आलं, ती आमच्या पटावर नाही, एजन्सीशी बोला. एजन्सीचा माणूस फोन उचलेना. सिस्टर घड्याळ पाहत होत्या. शेवटी त्यांनी वॉर्ड दुसरीच्या ताब्यात दिला, पूजाचा हात धरून तीन जिने उतरल्या आणि गणवेशातच रिक्षाने तिला सरकारी दवाखान्यात नेलं. औषध मिळालं. पण पुढचे कित्येक महिने ती पोरगी दर तपासणीआधी जेवायची नाही. शेवटचा रिपोर्ट चांगला येईपर्यंत सगळ्या मजल्याने तिच्याबरोबर उपास केल्यासारखे दिवस काढले.

युनियनचा विषय त्यातून निघाला. काढला रजिया मावशींनी. त्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, आयुष्यभर युनियनचं काम केलेले. आम्ही त्यांना ओझरचे काका म्हणू लागलो. त्यांच्या सांगण्यावरून एका रविवारी सातपूरला एका संघटनेच्या कार्यालयात बैठक ठरली. सिस्टर येणार नाहीत अशीच माझी खात्री होती. त्या आल्या, दाराजवळच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या आणि पूर्ण बैठकीत एकच प्रश्न विचारला.

"काका, यात नोकरी जाऊ शकते का?"

"जायला नको," काका म्हणाले, "पण जाऊ शकते. खोटं कशाला सांगू, बाई?"

सिस्टरांनी मान हलवली. निवृत्तीला त्यांचे अकरा महिने उरले होते.

व्यवस्थापनाला द्यायचं पत्र मी लिहिलं. मागण्या दोनच होत्या. कामावर इजा झाली तर करारावरच्या मुलींनाही कायम नोकरांसारखे उपचार मिळावेत, आणि एका नर्सकडे किती पेशंट असावेत याला मर्यादा असावी. प्रश्न सह्यांचा होता. दोन पाळ्यांतल्या एकवीस जणी एका वेळी एकत्र येणं शक्य नव्हतं, आणि कॉरिडॉरमध्ये कॅमेरे होते. म्हणून कागद लिनन रूममध्ये, धुतलेल्या चादरींच्या थप्पीखाली ठेवायचा आणि एकेकीने जाऊन सही करायची असं ठरलं. सिस्टरांना वेगळीच धास्ती. एखादी सही करायला गेली आणि तेवढ्यात तिच्या पेशंटला काही झालं तर? म्हणून मुलगी आत गेली की त्या स्वतः तिच्या पेशंटपाशी जाऊन उभ्या राहायच्या. ती परत आली की पुढची. दुसरी पाळी आली तेव्हा त्यांची ड्यूटी संपली होती, तरी त्या थांबल्या आणि संध्याकाळपर्यंत पलंगामागून पलंग असं करत राहिल्या.

सगळ्यात शेवटी सिस्टरांनी आणि मग मी सही केली. कागद मी घरी नेला, पत्राची भाषा पुन्हा तपासली, दोन ठिकाणी वाक्य सुधारायला हवं होतं याची हळहळ केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात देऊन पोच घेतली. काकांना आधी दाखवायला हवं होतं. मला घाई झाली होती. कागद घरात असताना झोप येत नव्हती.

पोच घेतलेली प्रत काकांनी दुपारी पाहिली. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मास्तर, हे काय लिहिलंय सह्यांपुढे?"

मी पाहिलं. अकरा चाळीस. अकरा पंचेचाळीस. अकरा एकोणपन्नास. प्रत्येकीने सही करून पुढे वेळ टाकली होती. कोणी तर वॉर्डाचं नावही.

"अहो, चाळीस वर्षं कारखान्यात काढली मी. कामगार सही करतो, अंगठा देतो, वेळ कधी लिहीत नाही! या पोरींनी ड्यूटीवर असताना युनियनचं काम केलं, हे त्यांच्याच अक्षरात लिहून दिलंत तुम्ही!"

तशा सह्या मी रोज शेकड्याने पाहत होतो. त्या कागदावरही त्या मला जागच्या जागीच वाटल्या होत्या. वेळ नव्हती ती फक्त माझ्या सहीपुढे. मी कारकून, मला ती सवय कोणी लावली नव्हती.

चौथ्या दिवशी नोटिसा आल्या. ड्यूटीच्या वेळी पेशंटना वाऱ्यावर सोडून बेकायदा काम केल्याबद्दल तुम्हाला कामावरून का काढू नये, तीन दिवसांत खुलासा करा. मला नोटीस नव्हती. ते तीन दिवस मी विसरणार नाही. एजन्सीने नव्या मुली मुलाखतीला बसवल्या आहेत अशी बातमी आली आणि खरंच तळमजल्याच्या बाकावर, मांडीवर फायली घेतलेल्या आठ-दहा मुली बसलेल्या दिसल्या. त्याही घाबरलेल्याच होत्या. पूजा माझ्या खोलीत येऊन कपाटाला टेकून रडली. घरी तिने अजून सुईचंही सांगितलं नव्हतं.

मी सिस्टरांना म्हणालो, "पत्र मी लिहिलं, चूक माझी. मी जाऊन सांगतो."

त्या जिन्यात उभ्या होत्या. चेहरा पांढरा पडला होता. "गप्प बसा, मास्तर. एवीतेवी बावीस जाणार, त्यात तेविसावा कशाला? माले भ्याव वाटस, पण मी विचार करतेय. मला विचार करू द्या."

तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचा खुलासा लिहून आणला. माझ्याकडून एक शब्दही सुधारून घेतला नाही. प्रशासन अधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये त्या गेल्या तेव्हा कागदपत्रं घेऊन मीही आत होतो. साहेब नम्रपणे बोलत होते. नम्रपणा मला त्या दिवशी पहिल्यांदा भयंकर वाटला.

"बसा सिस्टर. तुम्ही तर आमच्यातल्या. मुलींनी तुम्हाला न विचारता हे केलं, एवढं लिहून द्या. अकरा महिने शांतपणे काढा, आम्ही तुमचा सत्कार करू."

सिस्टर बसल्या नाहीत. खुर्चीची पाठ त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती. "नाही साहेब. मी सांगितलं म्हणून त्या गेल्या. इनचार्जने मोकळं केलं तर नर्स चहाला जाते, तशाच. वेळा बघा तुम्ही. कुठल्याही दोन जणी एका वेळी गेलेल्या नाहीत. चार-पाच मिनिटांचं अंतर आहे. त्या त्या पलंगापाशी त्या वेळी मी होते. पेशंट माझ्या ताब्यात होते, एकही वाऱ्यावर नव्हता."

"म्हणजे जबाबदारी तुमची?"

"हो."

"लेखी?"

"लिहूनच आणलंय," त्या म्हणाल्या आणि कागद पुढे केला. कागद इतका हलत होता की साहेबांना तो दोन बोटांनी धरून थांबवावा लागला.

इनचार्जच्या परवानगीने गेलेल्या मुलींवर आरोप टिकेना. संघटनेच्या वकिलांनीही तेच धरून ठेवलं. एकवीस नोटिसा मागे घेतल्या गेल्या. महिनाभराने चौकशी म्हणून काहीतरी झालं आणि सिस्टरांना सेवा संपवल्याचं पत्र मिळालं. युनियनची नोंदणी पुढे झाली, इजेची मागणी मान्य झाली, दुसरी अजून रेंगाळते आहे. सिस्टरांची केस कामगार न्यायालयात आहे. तारखेला त्या प्रत्येक वेळी तासभर आधी यायच्या, उशीर होईल या भीतीने. परवा वकिलांनी मला विचारलं, वारस कोण लावायचा? यजमान मागेच गेलेले, मूलबाळ नाही. देवळ्याच्या भावाचं नाव मी सांगितलं.

पण त्या गेल्या म्हटलं की मला भावाच्या अंगणातली गर्दी आठवत नाही. आठवतो तो पत्र मिळाल्याचा दिवस.

पत्र दुपारी दीडला दिलं. लगेच बाहेर पडायचं होतं, त्यासाठी एक सुरक्षारक्षक वर पाठवला होता. सिस्टर त्याला म्हणाल्या, "दादा, दोनला पाळी बदलते. ओव्हर दिल्याशिवाय मला जाता येत नाही." म्हणजे पुढच्या पाळीला प्रत्येक पेशंट समजावून सांगितल्याशिवाय. तो बिचारा भिंतीला टेकून उभा राहिला. पुढची पाळी पूजाची होती. सिस्टर एकेका पलंगापाशी थांबत तिला सांगत गेल्या. याला पहाटे थंडी वाजली होती. हिच्या मुलीला फोन करायचाय. या आजोबांना गोळी दिली की तोंड उघडून बघ, ते गालात ठेवतात. पूजा लिहून घेत होती आणि मध्येच मनगटाने डोळे पुसत होती. रक्षकाने एकदा घड्याळ पाहिलं तेव्हा रजिया मावशी त्याच्यावर धावल्या, "घाई आहे तर तू जा ना रे! ती काय पलंग घेऊन पळणार आहे?"

पाऊण तास लागला. मग त्यांनी सही केली, पर्स घेतली आणि त्या जिन्याने खाली आल्या. फाटकापाशी पायरीवर बसल्या.

"मास्तर, सगळ्या राहिल्या ना कामावर?"

"सगळ्या राहिल्या."

"मग मला घरी सोडा. आज रिक्षात एकटीला बसवणार नाही."

पंचवटीतल्या घरापर्यंत त्या रिक्षाचा दांडा घट्ट धरून होत्या. दारापाशी किल्ली कुलपात जाईना. दोनदा खाली पडली. मी उचलून दिली. कुलूप उघडलं, पण त्या आत गेल्या नाहीत. उंबऱ्यावर उभ्या राहून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत मी त्यांना अनेकदा घाबरलेलं पाहिलं होतं, पण असं कधी नाही.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी सात वाजता मी काय करू हो?"