मुरमाच्या मैदानावरचे सर

"धरू नगं, दे!" हे आमच्या शाळेतल्या खेळाच्या सरांचं आयुष्यभराचं वाक्य. बास्केटबॉलच्या मैदानावर तर ते ऐकू यायचंच. पण स्टाफरूममध्ये कुणी वर्तमानपत्र अडवून बसलं, तरी मागून तेच.

मी लोहाऱ्याच्या त्याच शाळेत मराठी शिकवतो. बाहेरगावी सामने असले की मुलींच्या संघासोबत मलाच पिटाळलं जायचं. खेळातलं मला ओ की ठो कळत नाही. पण शेजारी बसून बसून माणूस कळतो, हे तुम्हालाही ठाऊक असेल.

आमचं मैदान मुरमाचं, त्यात जागोजाग खड्डे. आपटलेला चेंडू हाताशी परत येईल याचा भरवसा नाही. एकदा तर तो थेट मुख्याध्यापकांच्या पोटावर गेला. म्हणून चेंडू आपटत पळायला सरांनी मुलींना कधी शिकवलंच नाही. आला की पुढं पास द्यायचा, बस्स. शहरातल्या मुली अडवायला धावेपर्यंत चेंडू तिसरीच्या हातात गेलेला असायचा. ढाली येत गेल्या, कपाटात मावेनात.

"एकटं पळणारा दमतो, गुरुजी," सर एसटीत मला सांगायचे. "पाच जणींनी वाटून घेतलं की ओझं होत न्हाय." हे ऐकायला परंड्याहून, भूमहून खेळशिक्षक यायचे.

मग आमच्याकडंही सिमेंटचं मैदान झालं. मुली चेंडू आपटत पळू लागल्या आणि आम्ही हरू लागलो. ओरडून ओरडून सरांचा घसा बसला. म्हातारा संपला, अशी कुजबुज त्यांच्याही कानावर गेली. निवृत्ती तोंडावर आली होती, आणि जाण्याआधी त्यांना एकदा, फक्त एकदा, जिंकायचं होतं.

त्यांच्या शेवटच्या सामन्यात आमची एक मुलगी चेंडू आपटत एकटीच निघाली. डावीकडं दोघी मोकळ्या उभ्या. सर ताडकन उठले. पोरगी एकेकीला चुकवत, चक्क हसत पळत होती. चेंडू बास्केटच्या कड्याला लागून बाहेर गेला, आम्ही हरलो. सर मात्र ओरडलेच नाहीत. गपचूप खाली बसले.

परतताना म्हणाले, "गुरुजी, खड्डे होते म्हणून आपण पास द्यायचो. म्या त्यालाच शहाणपण समजून बसलो."

"अहो, मग त्या ढाली काय फुकट मिळाल्या?"

"मिळाल्या की. पण एवढ्या वर्षांत माझी एक पोरगी अशी हसत पळाली न्हाय."

मला फार वाईट वाटलं.

सर आता इथंच, स्टँडच्या मागं राहतात. मैदान हाकेच्या अंतरावर. परवा शाळेतच सामना होता, म्हणून बोलवायला गेलो. सर बाजेवर पडून होते.

"चला की सर. पोरी वाट बघतायत."

"नगं, गुरुजी." त्यांनी कूस बदलली. "मला बघितलं की त्या पास द्यायला लागत्यात."